काढणे, तपासणे, जपणे: कोकणातल्या बियांच्या तेलाचा आढावा

पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे उतरते, जमिनीखालच्या वीजगृहात चक्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीच्या खोऱ्याला जाते. १९६२ पासून निघणाऱ्या या विजेमुळे गावाचे नाव राज्यभर पोचले. घाटाखालच्या या पट्ट्यात, परसात आणि रानात, रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडेही आहेत. एप्रिल-मेमध्ये फळ पिकते. ते फोडून साल वेगळी करतात, सालीची आमसुले होतात, मीठ घातलेल्या रसाचे आगळ होते. उरते ती बी. सह्याद्रीला टेकलेल्या चिपळूण तालुक्याच्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दारात येतो. शेवटच्या तोड्याची बी तेव्हा अजून अंगणात असते. आमसुले आत घेण्याची घाई होते, बी मात्र पोत्यात कोंबून पडवीच्या कोपऱ्यात जाते. तिच्यात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा तेल असते, आणि त्या तेलाचे पुढे काय होणार हे त्या कोपऱ्यातच ठरून जाते.

खाद्यतेलावर आपण बोलतो तेव्हा बोलणे बहुधा घाण्याभोवती फिरते. लाकडी घाण्याचे घ्यावे की रिफाइंड, भुईमुगाचे चांगले की करडईचे, हे वाद घरोघर चालतात. या लेखात बीपासून बाटलीपर्यंत आणि बाटलीपासून कॅप्सूलपर्यंतचा सगळा प्रवास पाहायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. तेलाची प्रत घाण्यात ठरते त्याहून जास्त बी वाळवताना ठरते. तपासणीला लहान उत्पादक सरकारी जाच समजतो, पण त्याच्या हातात तिच्याइतके जोरदार साधन दुसरे नाही. आणि तेल आवरणात बंद करण्याच्या आधुनिक तंत्रात कोकणाला जागा आहे, पण आपण समजतो तिच्या उलट बाजूला.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यात मोहरी, भुईमूग, सोयाबीन यांच्याबरोबर झाडांपासून मिळणाऱ्या तेलबियांचाही उल्लेख आहे. कोकण हा तेलबियांचा मुलूख नव्हे. इथे भात मुख्य. वरकस जमिनीवर नाचणी-वरीच्या जोडीला तीळ आणि कारळे होत आले, पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भुईमूग. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने भुईमुगाचे ‘कोकण गौरव’सारखे वाण दिले ते याच शेतकऱ्यासाठी. तरी घरातले गोडे तेल बव्हंशी घाटावरचे. आपली म्हणावी अशी तेले झाडांची: नारळ, रातांबा, उंडी, करंज, आणि ज्याला आजवर कोणी तेलबी मानलेच नाही तो हापूस.

यातले सगळे खाण्याचे नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. हल्ली ‘पारंपरिक’ म्हटले की लोक डोळे मिटून चमचा तोंडात घालतात. उंडीचे तेल दिव्याला जळत असे आणि सांधेदुखीवर चोळत. करंजेल त्वचेसाठी आणि दिव्यासाठी. काजूच्या टरफलातले तेल तर हातावर पडले तरी कातडी सोलवटते. आपल्या आज्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. पोटात जाणारे तेल वेगळ्या भांड्यात आणि दिव्याचे वेगळ्या, ही शिस्त चवीसाठी नव्हती, जिवासाठी होती.

खाण्याच्या तेलांत रातांब्याचे तेल निराळे आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. एका फळात पाच ते आठ बिया असतात. बी धुऊन तिला चिकटलेला गर काढायचा, कडक उन्हात वाळवायची, मग दगडावर किंवा लाकडी दांड्याने फोडून टरफल सुपाने पाखडून टाकायचे. हाती येतो तो मगज. बीच्या वजनाच्या सुमारे साठ टक्के मगज आणि मगजात चाळीस टक्क्यांच्या वर तेल, म्हणून अख्ख्या बीचा हिशेब २३ ते २६ टक्क्यांवर येतो. मगज उखळात कांडून त्याची पूड पाण्यात उकळतात. तेल वर तरंगते आणि टोप थंड झाला की त्याची घट्ट साय धरते. दुसरी रीत त्याहून सुंदर आहे: मगज वाटून पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी रवीने ताकासारखा घुसळायचा; लोणी यावे तशी चरबी वर येते. ती वितळवून, गाळून, हाताने मुठीत दाबून गोळे करतात. दक्षिणेकडे त्याला मुठेल म्हणतात, गोव्यात भिरंडेल. फुटलेल्या टाचांना ते लावतात हे सगळ्यांना माहीत असते. भाताच्या पेजेत, भाकरीवर आणि फोडणीतही ते जात असे, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

बाहेरच्या जगाने या गोळ्याची दखल फार पूर्वी घेतली होती. १८७४ साली लंडनमध्ये निघालेल्या फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या औषधीद्रव्यांच्या ग्रंथात कोकमाच्या तेलावर स्वतंत्र नोंद आहे. मलमाचा पाया म्हणून त्याचा विचार तेव्हापासून होत आला. त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. या तेलात ५६ ते ६० टक्के स्टिअरिक आम्ल असते आणि ३६ ते ४० टक्के ओलिइक. बाकी सगळे मिळून चार-पाच टक्के. स्टिअरिक, मध्ये ओलिइक, पुन्हा स्टिअरिक, अशी एकाच साच्याची त्रिकुटे त्यात बहुसंख्य आहेत. रेणू एकसारखे असले की ते एकमेकांत नीट बसतात, गोळा टणक होतो आणि ३८ ते ४२ अंशांच्या अरुंद पट्ट्यात एकदम वितळतो. मे महिन्यातल्या चिपळूणच्या उकाड्यातही तो फडताळात घट्ट राहतो आणि ओठाला लावला की सुटतो.

आता घाणा. आपल्याकडचा लाकडी घाणा हे साधे दिसणारे पण विचाराने घडलेले यंत्र आहे. उखळीत फिरणारी लाट बीला चिरडतेही आणि दाबतेही. बी थोडी ओलसर करून घालायची, म्हणजे तेल सुटते, हे तेल्याचे ज्ञान पिढ्यांचे. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केल्यावर वर्ध्याच्या मगनवाडीत जव्हेरभाई पटेल यांनी बैलघाण्याच्या सुधारणेवर बरीच वर्षे काम केले. वर्धा घाणी म्हणून ओळखला जाणारा घाणा त्यातूनच आला. बैलाचे कष्ट कमी व्हावेत, एका फेरीत बी जास्त बसावी आणि पेंडीत कमी तेल राहावे, हे त्यामागचे प्रश्न. ते प्रश्न आजच्या विजेवरच्या लाकडी घाण्यालाही लागू आहेत. फरक इतकाच की आता बैलाच्या जागी मोटर आहे आणि पाटीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ लिहिलेले असते.

घाण्याच्या पेंडीत साधारण दहा-बारा टक्के तेल राहून जाते. लोखंडी एक्स्पेलर ते सहा-सात टक्क्यांवर आणतो, पण दाबाने आणि घर्षणाने तेल तापते. हेक्झेन या द्रावकाने धुऊन काढले तर पेंडीत जेमतेम एक टक्का उरतो. हेक्झेन सुमारे ६९ अंशांना उकळतो, त्यामुळे तेलातून तो वाफेने काढून पुन्हा वापरता येतो. तो पूर्ण गेला की नाही, हे मात्र मोजावे लागते. शिवाय तो पेट घेणारा आहे, म्हणून हे काम मोठ्या कारखान्याचे, चार घरांच्या बचत गटाचे नाही. ज्यांच्या घरी पेंड गुरांना जाते त्यांच्यासाठी घाण्याचे ‘नुकसान’ही खरे नुकसान नसते. पेंडीतले तेल म्हशीच्या पोटात जाते आणि दुधातून परत येते. हिशेब कोणाच्या बाजूने मांडायचा त्यावर उत्तर अवलंबून आहे.

कोकमाच्या मगजात तेल भरपूर आहे, म्हणून त्याला घाणा, एक्स्पेलर आणि उकळणे, तिन्ही चालतात. हापूसच्या कोयीचे तसे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांबाहेर हंगामात कोयींचे ढीग पडतात. कोय फोडून आतला गर वाळवला तर त्यात सात ते बारा टक्के तेल असते, बाकी मुख्यतः पिष्ट. एवढ्या कमी तेलाला दाब देऊन ते पिष्टातून सुटत नाही, द्रावकच लागतो. म्हणून कोयीचे तेल हा गावाचा उद्योग होईल असे मला वाटत नाही. जिल्ह्याचा होऊ शकेल, कोयी दोन दिवसांत वाळवून एका ठिकाणी आणण्याची व्यवस्था झाली तर. ढीग आठवडाभर भिजला की त्या तेलाचाही निकाल लागतो.

वाळवण्याचा मुद्दा पुन्हा आला, कारण प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. बीच्या पेशीत तेल मोकळे पसरलेले नसते. अर्धा ते दोन मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत ते असते आणि प्रत्येक थेंबाला फॉस्फोलिपिडचा पातळ थर व ओलिओसिन नावाच्या प्रथिनाचे कवच असते. तेल पाण्यापासून, हवेपासून आणि विकरांपासून दूर ठेवायची ही झाडाची सोय. बी फुटली, चिरडली किंवा भिजून तिच्यात जीव जागा झाला की ही सोय मोडते. पाणी आणि लायपेज नावाचे विकर मिळून तेलाचा रेणू तोडतात आणि मोकळी मेदाम्ले सुटतात. बुरशी आली तर ती स्वतःचे लायपेज घेऊन येते. तेल घशाला खवखवते ते यामुळे. असे तेल नंतर कितीही काळजीने घाण्यावर काढले तरी आम्लता आत आलेलीच असते. रिफायनरीत अल्कलीने ती धुता येते, पण त्यात तेलही साबण होऊन जाते. आणि आपण ज्या लहान घाण्याचे कौतुक करतो त्याच्याकडे ही सोयच नसते. लाकडी घाण्याला वाईट बी अजिबात परवडत नाही. रिफायनरी वाईट बी झाकू शकते, घाणा झाकू शकत नाही.

उकळण्याच्या रीतीत एक जादा सावधगिरी लागते. उकळल्याने लायपेज मरते हे चांगले, पण वर आलेल्या तेलात पाण्याचा अंश राहतो. म्हणून गोळे करण्याआधी तेल मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत कढवले पाहिजे. जाणत्या बाया हे करतात. घाईने केलेल्या गोळ्याला महिना-दोन महिन्यांत वास येतो आणि मग ‘घरचे तेल टिकत नाही’ असा बोल साऱ्या गावाला लागतो.

आता तपासणी. तेलाच्या तपासण्या पुष्कळ आहेत, पण त्या तीन प्रश्नांची उत्तरे देतात: तेल बिघडले आहे का, ते म्हणतात तेच आहे का, आणि त्यात विषारी काही आहे का.

बिघाडाचे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला आम्लतेचा. एक ग्रॅम तेलातली मोकळी आम्ले मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तो हा अंक. रिफाइंड तेलात तो अर्ध्याच्या आसपास राखावा लागतो. कच्च्या घाणीच्या तेलांना कायदा बरीच जास्त सूट देतो. दुसरा आकडा पेरॉक्साइडचा. तेल हवेतला प्राणवायू घेऊ लागले की आधी पेरॉक्साइडे तयार होतात, मग ती फुटून खवट वास येतो. नाकाला वास येण्याच्या आधी हा आकडा चढलेला असतो, हीच त्याची किंमत. गंमत अशी की हा आकडा नंतर उतरतो, कारण पेरॉक्साइडे फुटून संपतात. म्हणून फार जुन्या तेलाचा पेरॉक्साइड कमी आला तरी विश्वास ठेवू नये. वास आणि आम्लता सोबत पाहावी.

पोफळीसारख्या वीजगृहाच्या गावात एक गोष्ट सांगायला सोपी जाते. वीजगृहांतल्या रोहित्रांमध्ये खनिज तेल असते आणि त्याचीही नियमित तपासणी होते: ओलावा किती, आम्लता किती, किती व्होल्टला ते हार मानते. आम्लता मोजण्याची रीत मुळात तीच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. लाखमोलाच्या यंत्रातले तेल कोणी वास घेऊन पास करत नाही. माणसाच्या पोटात जाणाऱ्या तेलाला मात्र आपण अजून नाकावरच पास करतो.

दुसरा प्रश्न ओळखीचा. आयोडीन अंक तेलातली असंपृक्तता सांगतो: कोकमाचा पस्तिशीच्या आसपास, जवसाचा १७०च्या वर. भुईमुगाच्या तेलासाठी बेलियरची गढूळपणाची चाचणी आहे. साबण करून, आम्ल घालून हळूहळू थंड केलेले द्रावण ३९ ते ४१ अंशांच्या सुमारास गढूळले तर तेल शुद्ध मानतात, स्वस्त तेल मिसळले की हा बिंदू खाली सरकतो. तिळाच्या तेलाची बोदूएं चाचणी तर आपल्या देशात कायद्याचा भाग झाली. फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तिळाचे तेल गुलाबी-लाल रंग देते. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल सक्तीने घालायला लावले ते या रंगासाठी, म्हणजे साजूक तुपात वनस्पती मिसळले तर रंग चुगली करील. रसायनशास्त्राचा इतका हुशार उपयोग अन्नाच्या कायद्यात क्वचित झाला असेल.

तिसरा प्रश्न विषाचा. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळलेले आढळले. हजारो लोकांच्या अंगावर सूज आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. त्या तेलाचा पत्ता लावणारी साधी चाचणी आहे: तीव्र नत्राम्लाबरोबर हलवले की आम्लाचा थर नारिंगी-लाल होतो. ती चाचणी तेव्हाही होती. होत नव्हती ती तपासणी. त्यानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधने आली, आणि आजच्या अन्नसुरक्षा नियमांतही खाद्यतेल बंद पाकिटात विकण्याचा दंडक आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले आणि खोबऱ्यातले अफ्लाटॉक्सिन हाही याच वर्गातला धोका. ते बहुतेक पेंडीत राहते, पण न गाळलेल्या तेलातल्या बारीक कणांबरोबर बाटलीतही येते. ‘न गाळलेले म्हणजे जास्त नैसर्गिक’ हे वाक्य म्हणून मला मान्य नाही. चांगल्या फडक्यातून, शक्य असेल तर फिल्टर प्रेसमधून, तेल गाळलेच पाहिजे आणि दोन-तीन दिवस निवळू दिले पाहिजे.

तपासणी हे लहान उत्पादकाचे जोरदार साधन म्हणालो ते कोकमाच्या बाबतीत सर्वांत खरे आहे. ‘कोकम बटर’ला सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात चांगली किंमत मिळते, आणि किंमत आली की भेसळ आली. कठीण पाम तेल किंवा वनस्पती मिसळले तर डोळ्यांना कळत नाही. पण कोकमतेलात पामिटिक आम्ल फक्त दोन-तीन टक्के असते आणि पामच्या कठीण भागात ते निम्म्याच्या आसपास. गॅस क्रोमॅटोग्राफवर मेदाम्लांचा आलेख काढला की पामिटिकचे टोक उंच दिसते आणि भेसळ उघडी पडते. एक नमुना, एक आलेख. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तेलांचे शास्त्र पिढ्यानपिढ्या शिकवले गेले आहे. खाजगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही आता मोठ्या शहरांत आहेत. हंगामाच्या एकत्रित मालाचा एक नमुना तपासून त्याचा कागद गिऱ्हाइकापुढे ठेवणे दहा-बारा बायकांच्या गटाला जड नाही. भेसळ करणारा हा कागद आणू शकत नाही. ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्या मानांकनाला असा कागद जोडल्याशिवाय बियांच्या तेलाला त्याचा फायदा मिळणार नाही.

आता शेवटचा भाग, तेल बंद करण्याचा. औषधाच्या दुकानात मिळणारी मऊ पारदर्शक गोळी सगळ्यांनी पाहिली आहे. डेट्रॉइटच्या रॉबर्ट शेरर यांनी १९३३ मध्ये फिरत्या साच्यांची रीत काढली आणि तेलाच्या अशा गोळ्या भराभर होऊ लागल्या. तिचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचे. शाकाहारी घरांनी वेष्टनावर हे पाहून घ्यावे, आता समुद्रशेवाळ आणि स्टार्चचीही आवरणे मिळतात. दुसरी रीत सूक्ष्म आवरणाची. तेल, पाणी आणि डिंक किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वा दुधातले प्रथिन यांचे बारीक मिश्रण करून ते १६०-१८० अंश तापलेल्या हवेत फवारतात. पाणी क्षणात उडते, आणि प्रत्येक तेलकणाभोवती कोरडी भिंत धरून भुकटी खाली पडते. लहान बाळाच्या दुधाच्या डब्यातले ओमेगा-३ तेल बहुधा असेच आलेले असते.

अशा भुकटीची परीक्षाही ठरलेली आहे. ती हेक्झेनने हलकेच धुतली की कणांच्या बाहेर राहिलेले तेल निघते. तेवढे तेल आवरणाबाहेर, म्हणजे ते खवट होणारच. एकूण तेलातून ते वजा केले की खरोखर किती बंद झाले हे कळते. जाहिरातीतल्या ‘मायक्रोएन्कॅप्सुलेटेड’ या शब्दापेक्षा हा आकडा विचारावा.

पण हे सारे कशासाठी? जवसासाठी. विदर्भातल्या या जुन्या पिकाच्या तेलात अर्ध्याहून अधिक अल्फा लिनोलेनिक आम्ल असते, ते शरीराला हवे असते आणि हवेला ते त्याहून जास्त हवे असते. काढल्यावर काही आठवड्यांत जवसाचे तेल उतरते. त्याला आवरण, अंधार आणि थंडी लागतेच. अर्थात अख्खा जवस वर्षभर राहतो, आणि तव्यावर भाजून लागेल तशी कुटलेली चटणी हा घरातला उपाय अजून पुरेसा आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास, तेही नाजूक. कोकमाचे तेल या रांगेत बसत नाही. त्यात प्राणवायूला पकडायला फारसे काही नाही. ते कोरडे असेल तर साध्या बरणीत राहते. कोकमतेलाच्या कॅप्सूल कोणी विकू लागला तर त्यात गिऱ्हाइकाचा फायदा काय, हे मला दिसत नाही.

मात्र पारडे उलटे करून पाहा. आवरण करायला टणक, वास नसलेली, सहसा न खवटणारी आणि शरीराच्या उष्णतेच्या जवळ वितळणारी चरबी लागते. जीवनसत्त्वे, औषधे, चवीची द्रव्ये अशा वितळलेल्या चरबीत मिसळून, बारीक कण करून थंड करतात. चरबीच भिंत होते. औषधी बत्त्यांचा आणि मलमांचा पाया म्हणून कोकमतेल वापरले गेले ते याच गुणांवर. ४० अंशांच्या आसपास वितळत असल्याने भट्टीपर्यंत टिकायला हवे अशा आवरणाला ते कमी पडेल, हेही खरे. चॉकलेटला मात्र ते पुरते. युरोपीय संघाने २००० साली कोको लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालतील असे ठरवले, त्यांत कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे. सहापैकी दोन रत्नागिरी जिल्ह्यात पिकतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात कोकमाच्या चरबीने चॉकलेट अधिक टणक आणि उष्णतेला अधिक टिकणारे होते असे दाखवले आहे. उन्हाळ्यात दुकानातच लिबलिबीत होणारे चॉकलेट पाहिलेल्यांना याचे महत्त्व सांगायला नको. कोकमतेल ही बंद करायची वस्तू नाही, बंद करणारी आहे. कोकणाने मागणी करावी ती या दिशेची.

त्या मागणीला उतरेल असा माल मात्र पावसाने भिजलेल्या बीतून येणार नाही. दापोलीच्या विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ हा पावसाआधी तयार होणारा वाण दिला, तो आमसुलाच्या दृष्टीने; बीच्या दृष्टीने त्याचे मोल आणखी मोठे आहे. कलमे लावून फळ यायला वर्षे जातील, तोवर वाळवणीची सोय हवी. गावाच्या शेजारी वीज तयार होते आणि बी उन्हाची वाट पाहत कुजते, हे मला सलत आले आहे. पंचेचाळीस-पन्नास अंशांची गरम हवा देणारी, पत्र्याच्या कपाटाएवढी वाळवणी एका वाडीची शेवटच्या तोड्याची बी सावरू शकते. आमसुलांनाही तीच चालेल.

तपासणीची सुरुवात मुंबईला जाऊन करायची गरज नाही. आम्लता मोजायला ब्युरेट, शंकूपात्र, अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब आणि ज्ञात तीव्रतेचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते. हे सगळे अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. तेल गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब सोडायचे. जितके मिलिलिटर द्रावण लागले त्याला त्याच्या तीव्रतेने आणि ५६.१ ने गुणायचे, तेलाच्या ग्रॅमांनी भागायचे. आला तो आम्लतेचा अंक. वितळबिंदूसाठी बारीक काचेची नळी, धागा, तापमापी आणि पाण्याचे भांडे पुरते.

एवढ्यावर गटाने एक वही ठेवावी. बी कोणत्या आठवड्यात आली, किती दिवस वाळली, दाबून फोडल्यावर मगज कडक तुटला की दबला, तेल किती निघाले, आम्लता किती. मेच्या मध्यापर्यंतच्या बीचे तेल वेगळ्या डब्यात, पहिल्या पावसानंतरच्या बीचे वेगळ्या. डबा स्टीलचा किंवा काचेचा, तांब्या-पितळेचा नको, कारण तांबे तेलाला लवकर बिघडवते. पहिल्या डब्याचा अंक कमी आला तर तो खाण्याला ठेवावा आणि चॉकलेटवाल्याला दाखवावा. दुसऱ्याचा जास्त आला तर तो साबणाला द्यावा. साबण करताना मोकळी आम्लेही कामालाच येतात.